धागा: पूर्णवेळ पटकथालेखन करायचं तर गाठीशी किती पैसे हवेत?

अर्धविराम
मालिका, सिनेमा आणि वेबसिरीज लिहिणारी बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून धागा काढतेय. पटकथा कशी लिहावी यावर मराठीत आता पुष्कळ वाचायला मिळतं. पटकथा लिहून घर कसं चालवावं, यावर मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

उदाहरण म्हणून एक व्यक्ती धरू. पुण्यात आयटीमध्ये नोकरी, हातात महिन्याला ६० हजार, डोक्यावर कर्ज नाही. नोकरी सोडून मुंबईत येऊन पूर्णवेळ लिहायचं आहे. तिने किती महिन्यांची तजवीज करून निघावं? पैसे नेमके कशावर मिळतात आणि कधी हातात पडतात? आणि बुडतात ते कुठे?

'दर काय चाललाय' हे मुद्दाम विचारत नाहीये. तो माणसागणिक बदलतो. हिशोबाची रीत सांगा, आकडे ज्याचे त्याने भरावेत.

रात्रपाळी
मालिकांपुरतं सांगतो.

कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं, तीन वेगळी नावं आणि तीन वेगळे दर. कथाकार ट्रॅक, म्हणजे पुढच्या भागांचं कथानक, देतो. तो चॅनेलकडून मंजूर झाला की पटकथाकार भागाचे सीन पाडतो. ते पुन्हा चॅनेलच्या क्रिएटिव्हकडे जातात, आणि मंजूर झाले की मग संवाद. संवादलेखक रांगेत शेवटचा असल्यामुळे वरचा सगळा उशीर त्याच्या अंगावर येतो. ट्रॅक दोन दिवस अडकला तरी शूटिंगची तारीख हलत नाही, संवादांची रात्र कमी होते.

पैसे भागामागे. इथे नवा माणूस पहिली चूक करतो. आठवड्याला सहा भाग, म्हणजे महिन्याला २६, गुणिले दर, असा हिशोब धरतो. बऱ्याच मालिकांना संवादांसाठी दोघं असतात. समजा दर ५,००० आहे. डोक्यात १,३०,००० असतात, वाट्याला येतात १३ भागांचे ६५,०००.

आता तारखा बघा. १ जुलैला लिहायला घेतलं. आधी आठदहा भागांची बँक, म्हणजे हाताशी तयार भागांचा साठा, करायची, मालिका १४ जुलैला सुरू. ३१ तारखेपर्यंत १६ भाग गेले, त्यातले तुमचे ८. बिल ४०,०००, टीडीएस कापून ३६,०००. बिल ५ ऑगस्टला दिलं आणि करारात ९० दिवस लिहिलेत, तर पैसे येणार ३ नोव्हेंबरला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे चार महिने रोज काम आहे, झोप नाही आणि खात्यात शून्य. नोव्हेंबरात येतो तोही अर्ध्याच महिन्याचा पैसा.

कट्टेकरी
बापरे. आणि लिहिलेला भाग चॅनेलने रद्द केला तर?

रात्रपाळी
@कट्टेकरी, करारातला शब्द बघायचा. 'प्रक्षेपित भागामागे' असेल तर रद्द झालेल्या भागाचे काही मिळत नाही. 'मंजूर भागामागे' असेल तर चॅनेलच्या मंजुरीचा ईमेल दाखवून बिल लावता येतं. सही करण्याआधी हा एक शब्द बदलून मागा. पूर्ण नाही मिळाला तरी 'मंजूर होऊन न गेलेल्या भागाला ५० टक्के' इथपर्यंत बोलणी होऊ शकतात.

दुसरं, मालिका अचानक आटोपते. बार्कचे (टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था) आकडे गुरुवारी येतात, दोनतीन गुरुवार वाईट गेले की ट्रॅक बदलतो किंवा वेळ बदलते, आणि कधी लेखकच बदलतो. करारात १५ किंवा ३० दिवसांची लेखी सूचना मागून घ्यावी. आणि थकलेले ९० दिवसांचे पैसे मालिका संपल्यावरही त्याच तारखांना येतील, हे वाक्य वेगळं लिहून घ्यावं. मालिका बंद झाली की निर्मात्याच्या ऑफिसातली माणसं दुसऱ्या प्रोजेक्टला लागतात आणि जुन्या बिलांना वाली उरत नाही.

हिशोबनीस
टीडीएसचा उल्लेख आला म्हणून लिहितो. लेखकांचे इथे दरवर्षी हजारो रुपये अडकून पडतात.

व्यावसायिक मानधनावर निर्माता १० टक्के कापतो. १ एप्रिल २०२५ पासून एका निर्मात्याकडून वर्षाला ५०,००० पर्यंत मिळाले तर कापायची गरज नाही, पण सहसा सगळे कापतातच. कापलेले पैसे सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवेत. झाले की नाही ते २६एएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कापलेल्या कराच्या तक्त्यात, दिसतं. दर तिमाहीनंतर महिन्याभराने (मार्चच्या तिमाहीला दोन महिन्यांनी) स्वतः उघडून बघा. रक्कम दिसत नसेल तर लगेच ईमेल करा. वर्ष उलटल्यावर निर्मात्याच्या अकाउंटंटला तुमचं नावही आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट. आयकर नियमांत 'चित्रपट कलावंत' या व्यवसायात कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक आणि गीतकार नाव घेऊन दिलेले आहेत. त्यामुळे अनुमानित उत्पन्नाची सोय मिळते, ज्याला सगळे अजून ४४एडीए म्हणतात. (आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलतात, सोय तीच.) एकूण मानधनाच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, निम्मा खर्च धरायचा, पावत्या दाखवायच्या नाहीत. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

@रात्रपाळी यांचेच आकडे घेतो. ६५,००० गुणिले १२ म्हणजे ७,८०,०००. उत्पन्न धरायचं ३,९०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही. म्हणजे कापलेले ७८,००० व्याजासकट परत मिळतात. रिटर्न भरलं नाही तर ते सरकारकडेच राहतात. 'माझा कर कापलाय, आता रिटर्न कशाला' असं म्हणणारे लेखक एका महिन्याच्या मानधनाहून जास्त रक्कम सोडून देत असतात.

एक सावधगिरी. नियमात शब्द 'चित्रपट' असा आहे. फक्त मालिका लिहिणाऱ्याने आपल्या सीएकडून हे एकदा लेखी तपासून घ्यावं.

निळी_शाई
खूप उपयोगी प्रतिसाद. जीएसटीचं कसं?

हिशोबनीस
सेवांसाठी वर्षाची आवक २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. आवक म्हणजे बिलाची रक्कम, निम्मी नव्हे. दर १८ टक्के. तो तुमच्या खिशातून जात नाही, पण अडचण वेगळीच होते. कर बिलाच्या तारखेवर भरावा लागतो आणि निर्माता पैसे देतो तीन महिन्यांनी. ३ लाखांचं बिल लावलं तर ५४,००० आधी तुम्ही भरणार. म्हणून बरेच लेखक आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवतात आणि पैसे निघाले की पक्कं बिल देतात. कुठल्या टप्प्यावर पक्कं बिल लागतं ते सीएशी बोलून करारात नीट मांडा.

तिसरी_घंटा
थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. मराठी नाटककाराला प्रत्येक प्रयोगामागे मानधन मिळतं. व्यावसायिक नाटकाचा २०० वा प्रयोग झाला तरी लेखकाचा वाटा असतो. राज्य नाट्य स्पर्धेत नाटक करायचं तर संस्थेला लेखकाचं परवानगीपत्र जोडावं लागतं, आणि परवानगीसोबत मानधन येतं. एकदा लिहिलेलं चांगलं नाटक असं वीस वर्षं थोडं थोडं देत राहतं. पटकथेचं एकदाच सगळं विकून टाकायचं हे लेखकांनी इतकं सहज कसं मान्य केलं?

कलम_एकोणीस
@तिसरी_घंटा, कायद्याने तसं मान्य केलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क आहे. हा हक्क लेखक सोडूनही देऊ शकत नाही. करारात 'रॉयल्टीचा हक्क सोडतो' असं वाक्य असेल तर कायद्यापुढे ते टिकत नाही.

पण हक्क असणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. वसुली नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीमार्फत व्हावी लागते. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस आहे, तिथे गीतकारांना खरोखर पैसे मिळतात. पटकथाकारांनीही आपली एसआरएआय नावाची संस्था उभी केली आहे. पण आज घरखर्चाच्या हिशोबात पटकथेच्या रॉयल्टीचा रुपया धरू नका. मालिकेचं शीर्षकगीत किंवा सिनेमातलं गाणं लिहिलं असेल तर मात्र आयपीआरएसचं सदस्यत्व घ्याच आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा.

नाटकाचा मुद्दा कराराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निर्मात्याचा मसुदा 'सर्व माध्यमे, सर्व भाषा, कायमस्वरूपी' असा येतो. त्यातून नाटक आणि पुस्तक हे दोन हक्क बाहेर काढून मागा. सिनेमाच्या निर्मात्याला ते सहसा लागत नाहीत, त्यामुळे मिळण्याची शक्यता बरी असते. पुढे त्याच कथेचं नाटक झालं तर तो प्रयोगामागचा पैसा तुमचा.

सरळ_रेषा
थोडा वेगळा सूर लावतो. नवख्याने करारावर इतकं घासाघीस करणं परवडत नाही. बाहेर रांग लागलेली असते. पहिलं काम मिळतं तेव्हा सही करावी आणि कामाला लागावं. नाव झाल्यावर अटी घालाव्यात.

कलम_एकोणीस
@सरळ_रेषा, अर्धं मान्य. सगळ्या कलमांवर भांडता येत नाही. पण काही जागा अशा आहेत की तिथे गप्प बसलं तर काम करूनही पैसे मिळत नाहीत.

पहिली जागा हप्त्यांची. समजा मराठी सिनेमाची पटकथा-संवाद मिळून ५ लाख ठरले. मसुदा येतो तो असा: सहीला ५०,०००, पहिल्या ड्राफ्टला १,२५,०००, अंतिम ड्राफ्टला १,२५,०००, शूटिंग सुरू झाल्यावर २,००,०००. सिनेमाचं शूटिंग सुरूच झालं नाही, आणि असं पुष्कळदा होतं, तर ४० टक्के गेले. चौदा महिने राबून हातात ३ लाख, महिन्याला साधारण २१,४०० आणि तेही टीडीएसच्या आधी. तेव्हा शूटिंगवरचा हप्ता १० टक्क्यांवर आणा आणि उरलेलं ड्राफ्टच्या टप्प्यांत टाका. तेही जमत नसेल तर 'शूटिंग सुरू झाल्यावर किंवा अंतिम ड्राफ्टनंतर सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते' एवढे शब्द घाला.

दुसरी जागा 'निर्मात्याच्या समाधानानुसार' या शब्दांची. समाधान कधी झालं ते कोण ठरवणार? त्याऐवजी 'ड्राफ्ट जमा केल्यापासून १५ दिवसांत लेखी अभिप्राय न आल्यास मंजूर समजावा' असं लिहा. किती ड्राफ्ट तेही लिहा. दोन ड्राफ्ट आणि एक पॉलिश, त्यापुढच्या प्रत्येक ड्राफ्टला ठरलेली रक्कम. मर्यादा नसेल तर नवा दिग्दर्शक आला की सातवा ड्राफ्ट, नवा नट आला की आठवा, आणि पैसे तेवढेच.

तिसरी, नुकसानभरपाई. मसुद्यात लेखकाने सगळ्या दाव्यांची जबाबदारी अमर्याद घेतलेली असते. ती मिळालेल्या मानधनापुरती मर्यादित करून घ्या. नाहीतर २ लाखांच्या कामासाठी राहतं घर पणाला लागतं.

आणि हक्क परत येणं. कायद्याच्या १९(४) प्रमाणे हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. त्यामुळे जवळपास प्रत्येक मसुद्यात 'हे कलम लागू नाही' असं लिहून येतं. तुम्ही २४ किंवा ३६ महिने मागा. तेवढ्यात सिनेमा झाला नाही तर पटकथा तुमची.

यांपैकी एकही मागणी अवाजवी नाही. सभ्य निर्माता यावर बोलतो.

पन्हाळा
@कलम_एकोणीस यांच्या हप्त्यांच्या मुद्द्याला पुरवणी. मराठी सिनेमात एक खास वाक्य कानावर येतं, 'उरलेलं अनुदान आल्यावर देतो.' राज्य सरकारचं अनुदान 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख आहे. ते निर्मात्याला मिळतं, तेही सिनेमा सेन्सॉर आणि प्रदर्शित होऊन, समितीने बघून दर्जा दिल्यावर. दर्जा मिळालाच नाही तर काहीच नाही. लेखकाचा हप्ता त्याला बांधणं म्हणजे लेखकाने निर्मात्याला बिनव्याजी कर्ज देणं. या अटीला कधीच होकार देऊ नये.

ओटीटीवाला
वेबसिरीजचं थोडक्यात. आकडा मोठा दिसतो, कालावधी त्याहून मोठा असतो. समजा ८ भागांचे ८ लाख ठरले. आधी बायबल (सिरीजची कथा आणि पात्रं मांडणारा मजकूर) आणि पहिला भाग, त्याचे काही पैसे. मग प्लॅटफॉर्म विचार करतो. या थांबण्याला महिने जातात, कधी मधेच तिथला अधिकारी बदलतो आणि नव्या माणसाला पहिल्यापासून नॅरेशन, म्हणजे कथा तोंडी ऐकवणं. दोन वर्षं लागली तर ८ लाख म्हणजे महिन्याला ३३,००० आणि काही. म्हणून करारात रकमेइतकंच महत्त्व 'केवळ आमच्यासाठीच लिहाल' या अटीला. ती फक्त रायटर्स रूमच्या, म्हणजे सगळ्या लेखकांनी एकत्र बसून लिहायच्या, ठरलेल्या आठवड्यांपुरती ठेवा. वाट बघण्याच्या काळात दुसरं काम करायची मोकळीक हवीच.

निळी_शाई
एक बाळबोध शंका. करारापर्यंत पोचण्याआधीच गोष्ट चोरीला गेली तर?

कलम_एकोणीस
बाळबोध अजिबात नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. म्हणून दोन ओळींची 'कॉन्सेप्ट' घेऊन फिरू नका. पात्रं, प्रसंगांची साखळी, शेवट असं सगळं असलेला १०-१५ पानांचा मजकूर लिहा आणि तो नोंदवा.

नोंदणीच्या दोन जागा. स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे अंधेरीची एसडब्ल्यूए: सदस्य झालात की ऑनलाइन नोंदणी होते, तारखेचा पुरावा लगेच मिळतो. दुसरी, दिल्लीचं कॉपीराइट कार्यालय: साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, डायरी नंबर मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग तपासणी. पहिली झटपट, दुसरी कोर्टात जास्त वजनदार. महत्त्वाच्या पटकथेला दोन्ही करा.

नॅरेशन देऊन आलात की त्याच संध्याकाळी ईमेल: 'आज दुपारी ४ वाजता आपल्या कार्यालयात अमुक नावाची कथा ऐकवली, सोबत नोंदणीकृत सारांश जोडत आहे.' एवढ्या दोन ओळी पुढे फार कामी येतात. गोपनीय म्हणून सांगितलेल्या मालिकेच्या मांडणीला संरक्षण मिळतं हे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ च्या झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल प्रकरणात मान्य केलंय, पण आपण ती कुणाला, कधी दिली हे दाखवता यायला हवं.

कट्टेकरी
अवांतर: पटकथा देवनागरीत कशात लिहिता? पीडीएफ समोरच्याकडे उघडली की जोडाक्षरांचा खिचडा होतो.

रात्रपाळी
युनिकोडशिवाय दुसऱ्या कशात लिहू नका. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर वाचताच येत नाही. परदेशी पटकथा-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अडखळते, म्हणून मालिकांत बहुतेक काम वर्ड किंवा गूगल डॉक्समध्येच चालतं. सीनचा मथळा, पात्राचं नाव, संवाद अशा तीन स्टाइल्स एकदा बनवून ठेवा. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवायचा पर्याय चालू ठेवा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हॉलिवुडचा ठोकताळा देवनागरीला तसाच लावू नका, मोठ्याने वाचून घड्याळ लावा. २२ मिनिटांच्या भागाला संवाद कमी पडले तर सेटवरून रात्री फोन येतो.

पॅसिफिक_किनारा
लॉस एंजेलिसहून. इथे रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेमुळे किमान दर लेखी ठरलेले आहेत, आणि पुनर्प्रक्षेपण वा स्ट्रीमिंगचे पैसे लेखकाला पुढेही मिळतात. २०२३ चा संप २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस चालला. त्यातून एआयने लिहिलेला मजकूर 'लेखन' म्हणून धरायचा नाही हे करारात आलं. भारतातल्या करारांतही असं वाक्य मागायला हरकत नाही: 'माझा मसुदा एआयला शिकवण्यासाठी वापरणार नाही, आणि एआयच्या मसुद्यावर काम दिलं तरी मानधन व श्रेय मूळ लेखनाचंच.'

इथल्या मराठी मित्रांसाठी आणखी एक. एच-१बी वर असाल तर ते काम त्या एकाच कंपनीसाठी असतं. बाजूला मानधन घेऊन मालिका लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. हौस व्हिसावर बेतू देऊ नका.

हिशोबनीस
तेच भारतातल्या नोकरदारालाही लागू. आयटीतल्या नेमणूकपत्रात दोन कलमं शोधा: बाहेरचं काम करण्यावरची बंदी, आणि नोकरीच्या काळात केलेली सर्व निर्मिती कंपनीची असं म्हणणारं कलम. पटकथा स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ईमेलवरून, कामाच्या वेळेबाहेर लिहा, आणि नोकरी सोडण्याआधी पैसे घेणार असाल तर एचआरची लेखी परवानगी घ्या.

थकलेल्या पैशांसाठी एक उपाय फार कमी लेखकांना माहीत आहे. सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी करा आणि तो क्रमांक प्रत्येक करारावर व बिलावर छापा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक होतं. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागू होतं. शिवाय आयकरात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत न दिलेली रक्कम निर्मात्याला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की निर्मात्याचा अकाउंटंटच तुमचं बिल शोधतो. नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी, थकल्यावर करून उपयोग नाही.

सरळ_रेषा
४५ दिवसांचं हे माहीत नव्हतं. मग मालिकांच्या करारातले ९० दिवस?

हिशोबनीस
नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाच्या बाबतीत करारात ९० लिहिले तरी कायद्याची मर्यादा ४५ ची. अंमलात आणायला धीर लागतो हे खरं. पण सौम्य भाषेत ईमेल करून आठवण देणं तर कुणालाही जमेल. तरीही नाही दिले तर एसडब्ल्यूएच्या तंटा निवारण समितीकडे तक्रार करता येते. तिथे सदस्यत्व, करार किंवा ईमेलचा माग आणि जमा केलेले ड्राफ्ट लागतात. घोस्ट म्हणून, दुसऱ्याच्या नावाखाली, रोखीने लिहिणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. निदान पैसे बँकेतून घ्या आणि व्यवहाराच्या नोंदीत 'संवादलेखन मानधन' असं येऊ द्या.

अर्धविराम
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येते. वरचं सगळं धरून एक हिशोब मांडला, चुकत असेल तर सांगा.

अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात खोलीचा वाटा १५,०००, जेवण ८,०००, प्रवास-फोन-इंटरनेट ४,०००, विमा व औषधं २,०००, बाकी ६,०००. महिना ३५,०००. रात्रपाळी यांच्या हिशोबाने चार महिने कोरडे, म्हणजे १,४०,००० पुरेत?

रात्रपाळी
नाही पुरणार. ते चार महिने काम मिळाल्या दिवसापासूनचे आहेत. काम मिळेपर्यंतचा काळ धरला नाहीत. चाचणीचे भाग लिहून देणं, भेटी, 'पुढच्या आठवड्यात कळवतो' यात चारपाच महिने सहज जातात. आणि पहिली मालिका तीनचार महिन्यांत बंद पडली तर हाच फेरा पुन्हा. बारा महिने धरा: ४,२०,०००. खोलीची अनामत समजा ५०,००० आणि एका महिन्याची दलाली १५,०००. झाले ४,८५,०००. हातात पाच लाख असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

हिशोबनीस
सहमत. त्यातले तीन महिन्यांचे बचत खात्यात, बाकी सहज मोडता येईल अशा मुदत ठेवींत. शेअर बाजारात नको, हा पैसा कधी लागेल ते आपल्या हातात नाही. आरोग्यविमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावावर घ्या, कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय. आणि घरासाठी कर्ज काढायचं मनात असेल तर ते नोकरीत असताना. नंतर बँक दोनतीन वर्षांची रिटर्न्स मागते.

तिसरी_घंटा
रिकाम्या महिन्यांसाठी जोडकामं: डबिंगचं भाषांतर (मिनिटामागे पैसे), जाहिरातींची मराठी आवृत्ती, कंपन्यांच्या माहितीपट-संहिता, ऑडिओ मालिका, आकाशवाणीच्या श्रुतिका. जाहिरातीचं काम दोन दिवसांचं असतं आणि महिन्याचा किराणा सुटतो. पण डबिंगचं मोठं काम घेतलं तर स्वतःची पटकथा मागे पडते. आठवड्याचे दोन दिवस जोडकामाला, त्यापुढे नाही, अशी रेघ आखून घ्या.

निळी_शाई
शेवटचं एकच. बिलात नेमकं काय लिहायचं? 'जुलै महिन्याचे मानधन' एवढं चालतं का?

रात्रपाळी
चालत नाही, आणि बहुतेक बिलं इथेच अडकतात. अकाउंट्सला भागांचे क्रमांक जुळवावे लागतात. असं लिहा:

बिल क्र. ०२/२०२५-२६, दिनांक ५ ऑगस्ट २०२५. मालिकेचं नाव, निर्मितीसंस्थेचं करारातलं पूर्ण नाव. काम: संवादलेखन. भाग क्र. १, २, ५, ६, ९, १०, १३, १४. एकूण ८ भाग, दर ५,०००, रक्कम ४०,०००. कराराची तारीख. पॅन, उद्यम क्रमांक, बँक खातं, आयएफएससी. 'कराराप्रमाणे देय दिनांक' ही ओळ तारखेसकट.

पाठवण्याआधी क्रिएटिव्हकडून भागांचे क्रमांक ईमेलवर पक्के करून घ्या, तो ईमेल बिलाला जोडा, आणि अकाउंट्सकडून 'बिल मिळालं' असं लेखी उत्तर घ्या. दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद झाला तर ते उत्तर कामी येतं.

अर्धविराम
भाग क्रमांक, पाठवल्याची तारीख, मंजुरीचा ईमेल, प्रक्षेपण, बिल, देय दिनांक, जमा रक्कम, २६एएसमध्ये दिसलं की नाही, असे आठ रकाने पाडून तक्ता करतेय. कुणाला हवा असेल तर इथेच सांगा, दुवा देते.